वॉशिंग सेंटरची ५ एचपी मोटर अर्ध्या तासाने ओव्हरलोडवर पडते, नेमकं बघायचं कुठे?

काळीमाती (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. पंढरपूर-मंगळवेढा रस्त्याला माझं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. दोन रॅम्प, तीन प्लंजरचा (पाणी ढकलणाऱ्या दांड्यांचा) एक प्रेशर पंप आणि त्याला बेल्टवर ५ एचपीची तीन फेज मोटर. मोटरच्या पाटीवर ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, १४४० आरपीएम असं आहे. पंपाच्या पाटीवर १५ लिटर मिनिटाला, १२० बार दाब. स्टार्टर साधा डीओएल, म्हणजे मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा. पाणी बोअरचं, क्षार भरपूर.

पंधरा दिवसांपासून त्रास सुरू आहे. सकाळी पहिल्या दोन गाड्या व्यवस्थित निघतात. पंचवीसेक मिनिटं झाली की स्टार्टर पडतो, म्हणजे आपोआप तुटून मोटर बंद होते. रिसेट करून लगेच चालू केला तर पाच-सात मिनिटांत पुन्हा पडतो. गाडीला फेस लावलेला, ऊन चढलेलं, फेस बॉनेटवरच वाळून डाग धरतो आणि गिऱ्हाईक बाजूला उभं. चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या. एका वायरमनने ओव्हरलोडची (जास्त करंटला मोटर तोडणाऱ्या रिलेची) सेटिंग साडेसात अँपिअरवरून नऊवर नेली. त्या दिवशी मोटर पडली नाही, पण संध्याकाळी तिच्या अंगाला हात टेकवेना आणि वार्निशचा वास यायला लागला. रात्रीच परत साडेसातवर आणली. दुसरा म्हणाला रिवाइंड करा (आतली तार नव्याने गुंडाळा), तिसरा म्हणाला मीटरपासूनची केबल बदला. खर्च करायला मी तयार आहे, पण कशावर करू ते कळत नाही.

शेवटचा_खांब (सोमवार, रात्री १०:०५)

व्होल्टेज बघा आधी. माझं सेंटर लाईनच्या अगदी टोकाला आहे. शेजारचे शेतीपंप सुरू झाले की माझ्याकडे ४१५ चे ३४० व्हायचे. प्लंजर पंप काही आपलं काम कमी करत नाही, तेवढाच दाब, तेवढंच पाणी. मग व्होल्टेजची तूट मोटर अँपिअर ओढून भरून काढते. वीस टक्क्यांनी करंट वाढायचा आणि दुपारभर स्टार्टर पडायचा. रात्री नऊनंतर तीच मोटर शहाण्यासारखी चालायची. डीपी (ट्रान्सफॉर्मर) बदलेपर्यंत दोन वर्षं पाठपुरावा केला. तुमचंही तेच असणार.

वाइंडिंगवाले काका (सोमवार, रात्री १०:५०)

दादा, सेटिंग परत खाली आणलीत ते फार बरं केलंत. नऊवर आठवडाभर चालली असती तर मोटर माझ्यासारख्याच्या टेबलावर आली असती. इचलकरंजीत तीस वर्षं मोटरी बांधतोय, यंत्रमागाच्या, पंपाच्या, सगळ्या. जळून आलेल्या मोटरीबरोबर जो स्टार्टर येतो त्याची सेटिंग मी आवर्जून बघतो. कितीतरी वेळा ती शेवटच्या आकड्याला टेकलेली असते.

ओव्हरलोड रिले काय करतो ते समजून घ्या. आत दोन धातूंच्या चिकटवलेल्या पट्ट्या असतात. मोटरचा करंट त्यांना तापवतो, त्या वाकतात आणि ठरावीक वाकल्या की ट्रिप. सेटिंगच्या १.०५ पट करंट असेल तर दोन तासांतही पडायचं नाही, आणि गरम रिले १.२ पटीला दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे, असं त्याचं माप ठरलेलं आहे. पंचवीस मिनिटांनी पडतोय याचा अर्थ लोड प्रचंड नाही, पण सतत थोडा जास्त आहे. लगेच पुन्हा पडतो कारण पट्ट्या आणि मोटर दोन्ही अजून गरम असतात. मला तरी तुमचा रिले खरं बोलतोय असं वाटतं.

उद्या हे करा. जवळच्या जाणत्या वायरमनला टाँग टेस्टर (तारेभोवती धरून अँपिअर मोजायचं मीटर) घेऊन बोलवा. फरशी कोरडी, पायात रबरी तळव्याचे बूट, पॅनल उघडताना घाई नको. तुमच्याकडे सगळीकडे पाणी असतं म्हणून सांगतोय. गन चालू असताना, म्हणजे खरोखर गाडी धुताना, तिन्ही फेजचे अँपिअर आणि तिन्ही जोड्यांचे व्होल्ट मोटरच्या बाजूला घ्या. मग गन सोडून बायपासवर, म्हणजे पाणी टाकीत परत फिरत असताना, घ्या. मग बेल्ट काढून नुसत्या मोटरवर घ्या. अँपिअरचे हे एकूण नऊ आकडे आले की निम्मं भांडण मिटतं. आणि एक सांगा, पंधरा दिवसांपूर्वी काय बदललं होतं?

अभियंती (मंगळवार, सकाळी ८:१५)

केबलबद्दल लिहिते, कारण तो खर्च मोठा आहे आणि कागदावर दोन मिनिटांत तपासता येतो. समजा मीटरपासून मोटरपर्यंत ६० मीटर, २.५ चौरस मिमी तांब्याची केबल आहे. तिचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम, म्हणजे ६० मीटरला ०.४५. साडेसात अँपिअरला तीन फेजमध्ये तूट होते ०.४५ × ७.५ × १.७३, म्हणजे सहा व्होल्टच्या आत. ४१५ मध्ये सहा व्होल्टने स्टार्टर पडत नाही. स्टार्टच्या वेळी करंट सहापट असतो, तेव्हा तूट ३५ व्होल्टपर्यंत जाईल, पण तुमची मोटर स्टार्टला पडतच नाही. केबल कुठे सांध्यात जळालेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते व्होल्टच्या रीडिंगमध्ये दिसेल. त्याआधी नवी केबल घेऊ नका.

काकांच्या म्हणण्यात एक जोड. रिलेला फक्त करंट कळतो, मोटर किती तापली ते कळत नाही. पंख्याच्या जाळीवर साबण-मातीचा थर बसून मोटर तापत असेल तर करंट बरोबर असताना ती आतून भाजून निघेल आणि रिले गप्प राहील. जाळी हाताने साफ करा, तिच्यावर प्रेशर गन मारू नका.

बार्देश (मंगळवार, सकाळी ११:३०)

म्हापशाजवळ माझं छोटं सेंटर आहे. आमच्याकडे खारी हवा, तांबं हिरवं पडतं. माझी मोटर पडायची ती मिनिटाभरात, आणि पडायच्या आधी गुरगुरायची. तीन फेजचे आकडे घेतले तर एकावर शून्य, उरलेल्या दोन्हींवर तेरा. कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या वीज जोडणाऱ्या स्विचच्या) एका फेजचा पॉइंट खाऊन गेला होता, मोटर दोनच फेजवर ओढत होती. त्या स्थितीत उरलेल्या दोन फेजचा करंट साधारण १.७३ पट होतो, ७.५ चे १३. तुमचं पंचवीस मिनिटांनी पडतंय म्हणजे हे नसावं, पण तिन्ही फेज मोजल्याशिवाय राहू नका. एकच फेज मोजून "करंट बरोबर आहे" म्हणणारे पुष्कळ आहेत.

काळीमाती (मंगळवार, संध्याकाळी ७:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी बारा वाजता, शेतीची लाईट चालू असताना, सगळं मोजून घेतलं.

गन चालू: ९.१, ९.४, ८.८ अँपिअर. व्होल्ट ४०२, ३९८, ४०५.
गन सोडून बायपासवर: ४.०, ४.१, ३.९.
बेल्ट काढून: ३.१, ३.२, ३.०.

बेल्ट काढल्यावर पंपाची पुली हाताने फिरवून बघितली, मोकळी फिरते, कुठे अडत नाही. मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोटर २० मेगाओहम दाखवते. जाळीवर खरंच बोटभर थर होता, ब्रशने काढला.

काय बदललं म्हणाल तर काहीच नाही. गेल्या महिन्यात बेल्ट ताणले होते आणि गनचं नोझल नवीन टाकलं होतं, एवढंच.

वाइंडिंगवाले काका (मंगळवार, रात्री ८:००)

मोटर निर्दोष. बिनलोड करंट पाटीच्या चाळीस टक्के, तिन्ही फेज सारखे, मेगर उत्तम. रिवाइंडिंगचे पैसे वाचले तुमचे. एकदा मोटर जुन्या तारेवर, कमी वेढ्यांनी बांधलेली असली की बिनलोडलाच पाच-साडेपाच दाखवते, तसं इथे नाही.

व्होल्टेजही ठीक. सरासरी ४०२, सगळ्यात लांबचा आकडा चारने खाली, म्हणजे एक टक्क्याच्या आत असमतोल. शेवटचा_खांब यांचा अनुभव खरा आहे, पण या ठिकाणी व्होल्टेजमुळे फार तर तीन टक्के वाढेल. तुमचा करंट वीस टक्के जास्त आहे. बायपासवर चारवर उतरतो म्हणजे पंप जाम नाही, बेल्ट फार ताणलेला नाही. लोड येतोय तो गन उघडल्यावर. म्हणजे पाण्याच्या बाजूने. पंपवाल्यांनी पुढे बोलावं.

पंपदुरुस्ती (मंगळवार, रात्री ९:३०)

मी नाशिकला अंबड भागात प्रेशर पंपांचीच कामं करतो. "एवढंच" म्हणून जे लिहिलंत तिथेच उत्तर आहे असं मला वाटतं.

प्लंजर पंप फेऱ्याला ठरलेलं पाणी ढकलतो. पुढे वाट मोठी असो की बारीक, तो ढकलणारच. वाट बारीक झाली की दाब चढतो, आणि मोटरला लागणारी ताकद दाबाच्या प्रमाणात चढते. हिशोब सोपा: बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००, आले किलोवॉट. पंप आणि बेल्टची झीज धरून त्याला ०.८५ ने भागा. १२० बार आणि १५ लिटरला ३ किलोवॉट, भागून ३.५. तुमची मोटर ५ एचपी, म्हणजे ३.७ किलोवॉटची. बसतंय, पण काठावर. आता १५० बार घाला: ३.७५, भागून ४.४. म्हणजे मोटरच्या ताकदीच्या १.१९ पट. तुमचा करंट किती पट आहे? ९.१ भागिले ७.५, १.२१. व्होल्टेजचे तीन टक्के त्यातच आले.

तर तुमचा पंप १५० च्या आसपास चालतोय. गेज काय दाखवतो?

काळीमाती (मंगळवार, रात्री ९:४५)

गेज १०० दाखवतो. पण आता बघून आलो, पंप बंद असतानाही १०० च दाखवतोय. काचेच्या आत पाणी आहे, काटा गंजून बसलाय. कधीपासून ते मलाही सांगता येणार नाही.

पंपदुरुस्ती (मंगळवार, रात्री १०:१५)

उद्या पहिलं काम नवीन गेज, ग्लिसरीन भरलेला, ० ते २५० बार. तो लागेपर्यंत आपण आंधळे.

गेज लावलात की तीन गोष्टी बघा. एक, नोझल काढून २० लिटरचा कॅन किती सेकंदांत भरतो. १५ लिटरच्या पंपाला ८० सेकंद लागले पाहिजेत. कमी लागले तर कुणीतरी मोटरची पुली मोठी टाकलीय आणि पंप जास्त फिरतोय. दोन, गन चालू असताना बायपासच्या नळीतून टाकीत पाणी पडतं का. गन पूर्ण उघडी असताना तिथे धार असायला नको. तीन, नोझलचं भोक. गोल धारेचं नोझल असेल तर ड्रिल बिटची दांडी घालून बघा, १.५ मिमीची गेली पाहिजे. चपट्या फवाऱ्याला ही युक्ती चालत नाही, भोक लांबट असतं, तिथे नोझलवरचा नंबर पंपाच्या तक्त्याशी ताडायचा.

भोकाचा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून लिहितो. तेवढंच पाणी ढकलायचं तर दाब व्यासाच्या चौथ्या घाताने चढतो. १.५ च्या जागी १.४ बसलं की १२० चे जवळजवळ १५८ होतात. आणि भोक झिजून १.६ झालं की १२० चे ९३.

आणखी एक विचारायचं राहिलं. जुनं नोझल असताना दाब कमी पडतो म्हणून अनलोडरची, म्हणजे दाब ठरावीक मर्यादेवर गेला की पाणी बायपासला सोडणाऱ्या व्हॉल्व्हची, मूठ कुणी पिळली होती का?

चाकचौकट (मंगळवार, रात्री ११:१०)

विषय जवळचा आहे म्हणून माझं लिहितो. माझा त्रास लिफ्टच्या एअर कंप्रेसरला होता आणि तो स्टार्टलाच पडायचा. टाकी रिकामी असताना सुरळीत, टाकीत सहा-सात बार असताना पडायचा. कंप्रेसर कट झाला की प्रेशर स्विचच्या बाजूने 'फुस्स' असा आवाज यायला हवा, डोक्याकडच्या पाइपातली कोंडलेली हवा तिथून सुटते. माझ्याकडे तो आवाजच यायचा नाही. बारीक नळीत तेलकट गाळ बसला होता. नळी साफ केली, चेक व्हॉल्व्हचं रबर बदललं, बंद झालं. त्या आधी दोन महिने मी रिलेला दोष देत होतो.

काळीमाती (बुधवार, संध्याकाळी ६:३०)

नवीन गेज लावला. गन उघडली आणि काटा १५० वर जाऊन थांबला. गन सोडताना १८० ला झटका मारून मग खाली येतो. कॅन ७९ सेकंदांत भरला, म्हणजे पुली बरोबर. बायपासची नळी टाकीच्या तोंडाशी धरून बघितली, गन चालू असतानाही करंगळीएवढी धार चालूच. ड्रिलची १.५ ची दांडी नव्या नोझलमध्ये जात नाही. १.४ ची जाते. जुनं नोझल कचऱ्याच्या डब्यात सापडलं, त्यात १.६ ची दांडी सैल जाते.

आणि अनलोडर. पोराला विचारलं, तो आधी गप्प बसला. रागावत नाही म्हटल्यावर सांगितलं. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, चाकात काळी माती अशी घट्ट बसलेली असते की गन मारून मारून हात दुखतो. दाब कमी वाटला म्हणून त्याने मूठ अर्धा फेरा पिळली, फरक पडेना, परत अर्धा, असं करत दोन-अडीच फेरे झाले. दाब काही वाढला नाही म्हणून मग मी नोझल बदललं. मूठ तशीच राहिली.

पंपदुरुस्ती (बुधवार, रात्री ८:१०)

पोराला बोलू नका. त्याने केलं तेच बहुतेक सेंटरवर होतं. नोझल झिजलेलं असताना सगळं पाणी त्याच्यातूनच आरामात निघून जातं, दाब ९० च्या घरात राहतो, अनलोडर उघडायची वेळच येत नाही. मग मूठ कितीही पिळा, काटा हलणार नाही. म्हणून माणूस पिळतच जातो. त्या वेळी मोटर उलट हलकी चालत असते. ज्या दिवशी नवीन नोझल बसतं त्या दिवशी पिळलेले सगळे फेरे एकदम मोटरवर येतात. तुमच्याकडे नोझलही एक नंबर बारीक आलं. १५८ पर्यंत जाणारा दाब अनलोडरने १५० ला अडवला, उरलेलं पाणी बायपासने परत पाठवलं. ती करंगळीएवढी धार तीच. मोटरने तापवून टाकीत परत टाकलेलं पाणी आहे ते.

आता करायचं असं. १.५ चं नोझल बसवा. अनलोडर उघडून साफ करा. गन सोडताना १८० चा झटका येतोय म्हणजे आतला पिस्टन क्षाराने अडखळतोय. पांढरा थर व्हिनेगरमध्ये भिजवून काढा, घासून पिस्टनला ओरखडे पाडू नका, ओ-रिंग नवीन घाला आणि तिला ग्रीसचं बोट लावा. मग मूठ पूर्ण सैल सोडून पंप चालू करा, गन उघडी धरा, गेजकडे बघत हळूहळू पिळा. मूठ दाब 'वाढवायला' नसते. नोझलने ठरवलेल्या दाबाच्या थोडं वर उघडेल एवढीच तिची जागा. चालू-बंद नेहमी गन उघडी धरून करा.

अभियंती (बुधवार, रात्री ९:००)

एक सुचवते, १२० वर न थांबता ११० धरा. १२० ला मोटर ९५ टक्के लोडवर राहते, आणि उन्हाळ्यात तुमच्याकडे व्होल्टेज आणखी खाली गेलं तर पुन्हा काठावर. ११० ला हिशोब येतो ३.२४ किलोवॉट, म्हणजे ८७ टक्के. धुताना हाताला फरक जाणवणार नाही. त्यासाठी नोझल १.५ पेक्षा किंचित मोठं लागेल, पंपवाल्या दादांनी नंबर सांगावा. मूठ सैल करून दाब खाली आणू नका, नाहीतर पाणी बायपासने जात राहील.

इचलपट्टा (गुरुवार, सकाळी ७:५०)

काकांच्याच गावचा आहे. ज्यांचे अँपिअर सेटिंगच्या आत आहेत आणि तरी स्टार्टर पडतो, त्यांनी रिलेचे स्क्रू बघावेत. सैल टर्मिनल तापतं, ती ऊब तांब्यातून थेट आतल्या पट्टीला जाते आणि रिले फसतो. तारेचं इन्सुलेशन त्या टोकाला तपकिरी आणि कडक झालेलं दिसतं. स्क्रू आवळून भागत नाही, जळालेलं टोक कापून नवीन लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) मारावा लागतो.

आणि स्टार-डेल्टा स्टार्टर (आधी स्टार जोडणीत कमी करंटने सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा) असणाऱ्यांसाठी: त्यात रिले बहुतेक वेळा डेल्टाच्या आत, वाइंडिंगच्या फेजमध्ये बसवलेला असतो. तिथे पाटीवरच्या करंटच्या ५८ टक्के सेटिंग लागते. १० एचपीला पाटीवर १५ अँपिअर असेल तर रिले ८.७ वर. माझ्या एका पॅनलवर बसवणाऱ्याने सरळ १५ ठेवलं होतं. रिले कधीच पडला नाही, मोटर गेली.

पंपदुरुस्ती (गुरुवार, सकाळी ९:२०)

अभियंतीताईंचं बरोबर आहे. १.५३ च्या आसपासचं भोक लागेल. तेवढं अचूक मिळत नसेल तर नोझलच्या नंबरावरून १५ लिटर, ११० बारच्या रांगेतलं मागा. फिल्टरची जाळीही बदला. बोअरची रेतीच नोझल खाते.

काळीमाती (पुढच्या सोमवारी, रात्री ९:१५)

चार दिवस चालवून मग लिहितोय. अनलोडर उघडला तर पिस्टनवर खडूसारखा थर होता, ओ-रिंगचा एक तुकडा उडालेला. दोन्ही केलं. नोझल तक्त्यातून नंबर काढून सोलापूरहून आणलं. आता गन उघडली की १०८ ते ११०, गन सोडली की काटा न उसळता खाली. बायपासला गन चालू असताना थेंबही नाही.

आज दुपारी साडेबाराला, शेतीची लाईट चालू, ट्रॅक्टर रॅम्पवर, पाऊण तास सलग: ६.७, ६.९, ६.६. ओव्हरलोड साडेसातवरच. चार दिवसांत स्टार्टर एकदाही पडला नाही. मोटरवर तळहात ठेवून दहापर्यंत मोजता येतं.

मुठीवर आणि अनलोडरच्या अंगावर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारलीय, कुणी फिरवली तर रेघ तुटलेली दिसेल. पॅनलच्या दारावर आतून आजचे नऊ आकडे खडूने लिहिलेत. आणि काळ्या मातीसाठी पोरानेच मार्ग काढला: ट्रॉली आली की आधी साध्या पाइपाने चाकं भिजवून दहा-पंधरा मिनिटं सोडून देतो. माती पाणी पिऊन फुगते, मग ११० च्या दाबाला पोळ्यासारखी सुटते.

शेवटचा_खांब (सोमवार, रात्री ९:५०)

वाचून बरं वाटलं. माझ्या गेजचा काटाही पंप बंद असताना ४० वर असतो. उद्या सकाळी बदलतो.